गिळलेलं गाऱ्हाणं

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मी कुवेतमध्ये एका बांधकाम कंपनीत कारकून होतो. ऑफिस शहरात, मिरकाबला, पण जीव रमायचा तो खैरानच्या कॅम्पात. तिथे समुद्रकाठच्या बंगल्यांची लाकूडकामं करणारे कोकणातल्या आमच्याच तालुक्यातले बावीस सुतार राहायचे. गणपतीत देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान माझा. मी एकेक मागणं म्हणायचो आणि मागून सगळे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे.

एका हिवाळ्यात बातमी आली की युरोपातले खासदार कॅम्प बघायला येणार. तिकडे पुष्कळ देशांची मिळून एक संसद आहे, आणि त्यातल्या एका देशानं तिथे निवडून पाठवलेले हे तिघे, दोन पुरुष आणि एक बाई. लगेच भिंतींना रंग लागला, गाद्या नव्या आल्या. दुभाष्या अर्थात मी.

सुतारांनी आदल्या दिवशी बैठक घेतली आणि हात वर करून ठरवलं, आपल्या वतीनं मीच बोलायचं. मागणं एकच. त्यांच्यातल्या एकाला सगळे मिस्त्री म्हणायचे; त्याची आई गावी अंथरुणाला खिळली होती, त्याला घरी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्याचा पासपोर्ट कंपनीच्या मॅनेजरच्या कपाटात अडकला होता. मी मोठ्या रुबाबात हो म्हणालो.

संध्याकाळी मॅनेजरनं बोलावलं. टेबलावर माझ्या बायकोच्या आणि मुलीच्या व्हिसाचे कागद सहीसाठी पडले होते. पाहुणे खूश होऊन गेले पाहिजेत, एवढंच तो म्हणाला, तेही मला चहा पाजून.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री हात जोडून पुढे आला. “बाईंका सांगा, आवस माझी वाट बघता. पासपोर्ट गावलो तर तिका बघून परत येतलंय.”

मी इंग्रजीत सांगितलं की याला आईची फार आठवण येते, पण कंपनी सगळ्यांची चांगली काळजी घेते. मॅनेजर शेजारीच उभा होता. माझे कान तापले होते, तरी जीभ अडखळली नाही, याचीच मला आज जास्त लाज वाटते.

बाईंनी विचारलं, “यांच्या वतीनं बोलायला यांनी कुणाला निवडलंय का?”

“मला,” मी म्हणालो.

“म्हणजे तुमचं नि माझं काम एकच,” असं म्हणून त्यांनी हसून माझा हात हातात घेतला.

बावीस जणांपैकी कुणालाच इंग्रजी कळत नव्हतं. माझं बोलणं संपलं, बाईंनी हात मिळवला, म्हणजे गाऱ्हाणं पोचलं, असं त्यांना वाटलं. सवयीनं सगळे एका आवाजात बोलले, “व्हय म्हाराजा.”

हे काय म्हणाले, बाईंनी विचारलं. मी म्हणालो, मी सांगितलं ते यांना मान्य आहे.

महिन्याभरात बायको आणि मुलगी आल्या. आम्ही सबाह अल-सालेमला बिऱ्हाड मांडलं. मिस्त्रीची आई उन्हाळ्यात गेली, तेव्हाही तो खैरानलाच होता.

पुढच्या गणपतीत नारळ पुन्हा माझ्याच हातात दिला. आईच्या दुखवट्याचं वर्ष म्हणून मिस्त्री आत न येता दाराशी उभा होता. मी कसंबसं पहिलं मागणं म्हटलं. दाराकडून त्याचा आवाज सगळ्यांच्या आधी आला, “व्हय म्हाराजा.”