नकाशावरचा दुसरा कागद

कोंडाबाईंना मी फसवलं. त्यांची हडपसरची दीड एकर जमीन मी खोटं बोलून घेतली आणि ते खोटं लिमये सरांच्या तोंडी घातलं. सरांना जाऊन पाच आठवडे झाले. शोकसभेत त्यांच्या कॉलेजातले एक गृहस्थ हळहळत म्हणाले, "माणूस विद्वान, पण त्यांच्या नकाशावर विसंबून काही गरिबांच्या जमिनी गेल्या..." मी ताडकन उठलो. मूठ आवळली होती. पण भांडणार कोणाशी? ज्याचं नाव घ्यायला हवं होतं तो मीच होतो. खाली बसलो. तेव्हा गिळलं ते आज लिहितो आहे.

सर नारायण पेठेत राहायचे, कॉलेजात भूगोल शिकवायचे. मी मंडईत मेथी-कोथिंबीर विकायचो. दर शनिवारी सकाळी सर वही घेऊन यायचे आणि प्रत्येक गाळ्यावर एकच प्रश्न विचारायचे, "ही कुठली?" पहिल्या दिवशी मी खेकसलो, "घ्यायची तर घ्या, चौकशा कशाला?" सर शांतपणे म्हणाले, "अहो, मेथी विकताय की सरकारी गुपित?" शेजारच्या कोंडाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "सांग की रं नाम्या, तुझं काय जातंय!" त्यांची मेथी त्यांच्या स्वतःच्या रानातली. वाफ्यातून काढायची, ओल्या फडक्यात बांधायची आणि उजाडायच्या आत मंडईत आणायची. सरांनी ते सगळं वहीत लिहून घेतलं, जुडी घेतली आणि मला म्हणाले, "एकदा घरी या, नकाशा दाखवतो."

गेलो. भिंतीवर पुण्याचा हाताने काढलेला मोठा नकाशा होता. मधोमध मंडई आणि तिच्याभोवती तलावात खडा टाकल्यावर उठतात तशी वर्तुळं. कोणा जर्मन जमीनदाराचा जुना सिद्धांत सरांनी समजावून सांगितला. बाजाराला लागून दूध आणि पालेभाजी, त्यापुढे जळाऊ लाकूड, त्यापुढे धान्य, अगदी लांब गुरं. जे लवकर नासतं ते जवळ. मी म्हणालो, "सर, मेथीला किलोमीटर कळत नाहीत, तास कळतात. डांबरी रस्त्यावरचं लांबचं गाव जवळ पडतं आणि ओढ्यापलीकडचं जवळचं गाव लांब."  सरांनी खोडरबर घेऊन आपलं ते सुबक वर्तुळ पुसलं आणि रस्त्यांच्या बाजूने ओढून वेडंवाकडं काढलं. नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'सूचना : नामदेवराव'. तोवर मला 'राव' कोणी लावलं नव्हतं. कोंडाबाईंनाही त्यांनी एकदा तिथे आणून हिरवा ठिपका दाखवला होता, "हे तुमचं रान." बाईंनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही.

नव्वदीनंतर बाहेरच्या कंपन्या येऊ लागल्या. मी गाळा भावाला दिला आणि जमिनींच्या व्यवहारात पडलो. शनिवारी मात्र सरांकडे जायचो. एका शनिवारी नकाशावर ट्रेसिंग पेपर टाचलेला दिसला. त्यावर लाल पेन्सिलीने हडपसरभोवती नवी वर्तुळं काढली होती. सर म्हणाले, "जुना सिद्धांत एकाच बाजाराचा आहे, नामदेवराव. मध्यापासून लांब जावं तसा जमिनीचा भाव उतरतो, हे खरं. पण शहराला दुसरा मध्य फुटला की खालचा कागद निकामी. आता दोन्ही एकत्रच वाचायचे." कोंडाबाईंचा हिरवा ठिपका लाल वर्तुळाच्या बरोबर पोटात होता. सर शिकवत होते. मी भाव करत होतो, मनातल्या मनात.

मी कोंडाबाईंकडे त्यांचं रान विकत मागितलं. विकू की नको अशा पेचात त्या होत्या. त्यांचं एकच पालुपद, "सर काय म्हणत्यात?" सर विद्यार्थ्यांना घेऊन कोकणात अभ्यासदौऱ्यावर गेले होते. मी त्यांच्या घरी गेलो, काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, म्हणालो, "झेरॉक्स काढून आणतो." त्यांनी चहा दिला आणि नकाशाही दिला. मी टाचण्या काढल्या. ट्रेसिंग पेपर टेबलावर ठेवला. फक्त खालचा कागद गुंडाळून नेला.

"ह्यो बघा तुमचा ठिपका," मी कोंडाबाईंना म्हणालो. "भाजीच्या पट्ट्यात हाय. सरांनीच काढलंय, शहर हिकडं येत न्हाय." त्यांनी ओळखीच्या त्या ठिपक्यावर पुन्हा बोट ठेवलं. "सरांनी काढलंय म्हंजी खरंच आसंल." आणि शेतीच्या भावात रान विकल्याच्या कागदावर अंगठा दिला.

सर परतायच्या आधी मी दोन्ही कागद जागेवर टाचून ठेवले. घाईत. पुढच्या शनिवारी सर चष्मा वर करून भिंतीकडे बघत म्हणाले, "नामदेवराव, तुमच्या कृपेने हडपसर नदीत गेलं." ट्रेसिंग पेपर तिरका लागला होता, लाल वर्तुळाचा मध्य थेट मुळा-मुठेच्या पात्रात. मी हसलो. सर हसले नाहीत.

दोन-तीन वर्षांत त्या रानात काचेची इमारत उभी राहिली. कोंडाबाई नारायण पेठेत गेल्या. ते मला काकूंनी आता सांगितलं. "सर, तुमच्या नकाशात तर भाजीच हुती," एवढंच त्या म्हणाल्या. सरांनी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. नकाशा माझाच आहे." माझं नाव घेतलं नाही. त्यानंतरही सर दर शनिवारी मंडईत जायचे, कोंडाबाईंकडूनच मेथी घ्यायचे. घाऊक बाजारातून आणलेली, कुठल्या कुठून आलेली मेथी. पण "ही कुठली?" हे त्यांनी पुन्हा कोणालाही विचारलं नाही. तीस वर्षांच्या वह्या त्या वर्षाशी थांबल्या आहेत.

खरं सांगतो, मला सरांचा राग येतो. आयुष्यभर मी ओरडून व्यवहार केले. सर एकदा ओरडले असते तर मीही ओरडलो असतो, चार दिवस तोंड पाहिलं नसतं, आणि मग कदाचित कबूल केलं असतं. त्यांनी चहा पाजला. 'राव' शेवटपर्यंत काढून घेतलं नाही.

परवा काकूंना भेटायला गेलो. नकाशा तिथेच, ट्रेसिंग पेपर तसाच तिरका. इतकी वर्षं! माझा हात टाचणीकडे गेला तशा काकू म्हणाल्या, "राहू द्या. मी कितीदा सरळ करायला गेले. म्हणायचे, ज्याने लावलाय तो करील."

मी हात मागे घेतला... कोंडाबाई समोर उभ्या असल्याशिवाय तो कागद सरळ करायचा मला अधिकार नाही. त्या अजून मंडईत बसतात. येत्या शनिवारी मी त्यांच्या गाळ्यापुढे उभा राहणार आहे. त्या काही विचारणार नाहीत, मला माहीत आहे. म्हणून मंडईत रोज येणाऱ्या तुम्हा सगळ्यांना सांगतो, तुम्ही विचारा. मोठ्याने विचारा, "नामदेवराव, त्या दिवशी वरचा कागद कुठे होता?" आणि उत्तर दिल्याशिवाय मला तिथून हलू देऊ नका.