विकलेल्या बिबड्यांवर लिहिलेली 'भेट'

विकलेल्या मालाच्या खोक्यावर 'भेटवस्तू' असं लिहून खाली सही करणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? कडक शब्द शोधा, संकोच नको. ती सही माझी आहे.

माझं लहानपण धुळ्यात पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. वडील लिहायचे, आम्ही भावंडं बाजारात वाटायचो. लाच, भेसळ, खोटी मापं यांच्यावर मी दहाव्या वर्षी भाषण ठोकत होते. पुढे सावद्याच्या एका बचत गटाने मला बाहेरगावच्या ऑर्डरी पाठवायचं काम दिलं. गटाच्या प्रमुख अक्का. ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे आंबवून शिजवून केलेले पापड, त्यांच्यासारखे मी कुठे खाल्ले नाहीत.

इंग्लंडमध्ये किराणा दुकान चालवणाऱ्या एका खान्देशी बाईंनी साठ पाकिटं मागवली. पहिला माल नीट आला तर दर महिन्याला घेईन, म्हणाल्या. अक्कांनी त्या शब्दावर गटात आणखी पाच जणींना घेतलं.

मी खोकं घेऊन जळगावला आले. पोस्टात बिल मागितलं, ते माझ्या हाती नव्हतं; शिवाय पोचायला किती दिवस लागतील ते सांगता येईना. मोठ्या कुरिअरवाल्याकडे तिकडची जकात आधीच इथे भरायची सोय होती, पण भाडं ऐकून मी बाहेर पडले. तिसरं दुकान एका एजंटचं. भाडं निम्मं.

"ताई, वर भेटवस्तू लिहा. किंमत अगदी नावापुरती टाका. जकातच लागत नाही."

"पण हे विकलेलं आहे."

"बठ्ठा असंच करतस, सगळेच," तो हसला. "तुम्ही काय हरिश्चंद्राच्या घरच्या का?"

मागच्या रांगेतलेही हसले. मला चिडायला हवं होतं. मी पेन मागितलं.

तीन आठवड्यांनी इंग्लंडहून फोन आला. तिथल्या कस्टम्सने खोकं उघडलं होतं आणि आत बिल सापडलं होतं. साठ पाकिटं, दर, एकूण रक्कम, गटाचा शिक्का. आमच्या केळीपट्ट्यात माल भरला की आत बिलाची चिठ्ठी पडतेच. अक्कांच्या हाताला तीच सवय. खोक्याच्या वर माझं खोटं होतं आणि आत त्यांचं खरं. माल जप्त झाला. बाईंच्या दुकानाचं नाव संशयितांच्या यादीत गेलं. आता त्यांचं प्रत्येक पार्सल उघडून बघतात.

एजंटला विचारलं, तर तो माझ्यावरच खेकसला, "चिठ्ठी कोणी टाकली आत? अडाण्यासारखं!"

या वाक्याने मला किळस आली ती अजून गेलेली नाही. खोटं लिहिणारा हुशार आणि बिल ठेवणारी अडाणी! त्याहून घाण वाटलं ते याचं, की घटकाभर मलाही तसंच वाटलं होतं. अक्कांनी चिठ्ठी टाकली नसती तर, असं मी मनात म्हटलं होतं.

सावद्याला जाऊन सगळं सांगितलं. अक्का पीठ चाळत होत्या. चाळणी थांबली.

"आपण इकलं ना त्यायले? मंग भेट कायले लिवली?"

नव्याने आलेल्या पाच जणी ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "म्हंजे उद्यापासून यायचं नही का आम्ही?" अक्का पुन्हा पीठ चाळू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्या पाच जणी आल्या नाहीत.

मी इंग्लंडच्या बाईंना पत्र लिहिलं, की खोटं मी लिहिलं, गटाने नाही. त्यांनी उत्तर पाठवलं: अक्कांवर राग नाही, पण पुन्हा धोका पत्करणार नाही.

तुम्ही लोणची, मसाले, केळीचे वेफर्स, काहीही परदेशी पाठवत असाल, तर माझं एवढं ऐका. कस्टम्सचा कागद एजंटच्या हाती देऊ नका, स्वतः भरा. खरी किंमत लिहा. जकात कोण भरणार आणि साधारण किती, हे ऑर्डर घेतानाच गिऱ्हाइकाला सांगा. आणि कोणी हसत हसत 'भेट' लिहायला सांगितलं, तर खोकं उचला आणि त्या दुकानातून बाहेर पडा.