मागच्या सीटचा वास

वकीलसाहेबांच्या परसात ती विलायती गाडी चिंचेखाली बारा वर्षं उभी होती. मागचं दार ओढून उघडलं, तेव्हा आत उंदरांनी कुरतडलेल्या फायली, वाळलेल्या लेंड्या आणि एक मेलेली घूस होती. घुशीचं कातडं सीटला चिकटलं होतं. ते खरवडून काढताना मी दोनदा बाजूला जाऊन ओकलो. पुढचे सात-आठ महिने त्या गाडीनं मला जे जे दाखवलं, त्यातलं हे सगळ्यात कमी किळसवाणं होतं.

माझं शिक्षण वकीलसाहेबांमुळे झालं. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी मला अभ्यासासाठी स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, कॉलेजची फी भरली, स्वतःचे जुने कोट दिले. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. ती त्यांची कृपा, हे मी आजही मानतो. ते थकले, डोळे अधू झाले, तेव्हा एकदा म्हणाले, "गाडी ने तुझ्या घरी. जमलं तर नीट कर. अक्कलकोटला शेवटचं जाऊन आलो ते तिच्यातूनच. मरायच्या आधी एकदा तिच्यातूनच जायचंय."

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे एवढं एकच मागितलं. ते पुरं केल्याशिवाय मला सुटका नव्हती.

मी तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होतो. गाडी ढकलत आणून आमच्या पत्र्याच्या घरासमोर उभी केली. कचेरी सुटली की अंधार पडेपर्यंत आणि सुट्टीचा अख्खा दिवस मी तिच्याखाली असायचो. ओळखीचा एक मिस्त्री रविवारी येई. बॉनेट उघडून तो म्हणाला, "साब, ये इंजन नै, चूहों की म्युनिसिपाल्टी है!" सहा व्होल्टची बॅटरी कुठंच मिळेना, म्हणून बाराची बसवली, मग बल्ब, कॉइल, डायनामो सगळंच बदलावं लागलं. कार्ब्युरेटर भंगारातून आणला. रंग डास मारायच्या पंपानं मारला. तो सुकेपर्यंत त्यावर शेदोनशे माश्या चिकटल्या, त्या चिमट्यानं उपटून पुन्हा रंग दिला. जवळून पाहिलं की पंख दिसतच.

सीट उसवली तेव्हा आतून काळे, राठ, तेलकट केस निघाले. पोतंभर. शेजारीण बघायला आली होती. ती नाकाला पदर लावून म्हणाली, "आगं बाई, ही डुकराची केसं हायती. गोऱ्या साहेबाच्या गाडीत तसलंच भरत्यात."

आईनं घरातूनच ओरडायला सुरुवात केली. "आरं भाड्या, दारात डुक्कर आणून ठिवलास की! उचल आदी!"

मिस्त्री म्हणाला, "घोड़े के बाल हैं, अम्मा. सौ साल चलते. फेंको नक्को." पण मलाही ते बघवत नव्हते. वकीलसाहेब सोवळ्यातले, गुरुवार करणारे. त्यांना मी असल्या केसांवर बसवून स्वामींच्या दर्शनाला नेणार? मी ते पोतं गावाबाहेर नेऊन पेटवलं. जळक्या केसांचा वास माझ्या अंगाला तीन दिवस होता.

आता भरायचं काय? नवा कापूस परवडणारा नव्हता. आबा, म्हणजे माझे वडील, मिलमध्ये खळखात्यात होते. मागावर चढवायच्या सुताला तिथं पिठाची खळ लावतात, म्हणजे धागा तुटत नाही. तिथलं तुटकं, गुंतलेलं सूत कामगारांना मागून मिळायचं. मी आबांना म्हणालो, चार गाठोडी आणा.

त्यांनी आणली, पण गाठोडं सोडताना म्हणाले, "खळीचं हाय हे. वलं झालं तर वास मारंल. आन् खळीत चरबी बी असती, ठावं हाय न्हवं?"

"डुकराचे केस तर नाहीत ना?" मी म्हणालो. "वरून रेग्झिन घालायचंय. कुणाला कळतंय."

"धुवून तर घे."

"वेळ कुठाय, आबा?"

मी पदवीधर झाल्यापासून आबा मला कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नसत.

खरं सांगायचं तर त्या सुताचा वास मला लहानपणापासून ठाऊक होता. आबा मिलमधून आले की तोच वास घरात यायचा: आंबलेल्या पेजेचा आणि शिळ्या चरबीचा. शाळेत ते मला भेटायला आले की मी त्यांना फाटकाबाहेर थांबवायचो. तरी तेच सूत मी दोन्ही हातांनी सीटमध्ये कोंबलं, वर तपकिरी रेग्झिन ताणून खिळे मारले आणि काम फत्ते झालं म्हणून वकीलसाहेबांना जाऊन सांगितलं.

पावसाळ्यात गाडीचं छत गळलं. मी भिजलेली सीट नुसती वरून फडक्यानं पुसत राहिलो.

आश्विनातल्या एका गुरुवारी आम्ही निघालो. वकीलसाहेब धूतवस्त्र नेसून, मागच्या सीटवर, मांडीवर फुलांची परडी. आबा पुढं माझ्या शेजारी. वकीलसाहेबांनीच "वडिलांनाही घे" म्हटलं होतं. आबांनी ठेवणीतलं धोतर काढलं होतं. सोलापूरच्या एमआयडीसीतले माग मागं पडले, ऊन चढलं, आणि सीट तापली. आधी उगाच आंबूस वास आला. मग काहीतरी कुजल्यासारखं. मी काच खाली केली. आरशात दिसलं, वकीलसाहेबांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं होतं. रेग्झिनच्या शिवणीतून एक पांढरी अळी बाहेर येऊन परडीकडे सरकत होती. त्यांना दिसत नव्हती. मला दिसत होती.

वळसंगच्या जरा अलीकडे ते म्हणाले, "अरे, काही मेलंय का गाडीत?"

"इंजिन तापलंय, साहेब," मी म्हणालो.

"इंजिनाचा असा नसतो."

तेवढ्यात आबा मागं वळले. "इंजान न्हाय, साहेब. माजाच वास हाय. खळखात्यात काम हाय न्हवं. कितीबी घासलं तरी जात न्हाय बगा."

वकीलसाहेब सज्जन माणूस. ते चिडले नाहीत. म्हणाले, "असं का. मग असं करा, वाईट वाटून घेऊ नका, आज माझं सोवळं आहे. तुम्ही वळसंगला उतरा. एस.टी. असेलच."

"व्हय, व्हय. लई बेस," आबा म्हणाले.

मी गाडी थांबवली. कुणी मला थांबव म्हटलं नव्हतं, मीच थांबवली. आबा उतरले, दार सावकाश लावलं, रंग निघू नये म्हणून. मी गिअर टाकला.

दोन मैलांवर वकीलसाहेब म्हणाले, "उतरले तरी येतोच आहे की."

"राहतो थोडा वेळ," मी म्हणालो.

अक्कलकोटला त्यांनी आधी विहिरीवर पुन्हा आंघोळ केली. दर्शन झालं. मठाबाहेर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "माझं राहिलेलं काम केलंस. असाच गुणी राहा." मी वाकून नमस्कार केला. प्रसादाचा पेढा तोंडात न घालता खिशात टाकला.

परतताना आबा वळसंगच्या थांब्यावरच बसलेले दिसले. एस.टी. आली होती, पण आम्ही शोधत बसू म्हणून ते चढले नव्हते. मी उतरून मागचं दार उघडलं आणि दोघांसमोर बोललो: वास सीटचा आहे, खळीचं सूत मीच भरलं, न धुता, आबांनी सांगितलं होतं तरी भरलं, त्यात चरबी आहे, आणि आता अळ्याही आहेत.

वकीलसाहेब उठून बाहेर आले. धोतर झटकलं.

"हे जाताना का नाही सांगितलंस?"

उत्तर त्यांना कळलंच होतं. जाताना सांगितलं असतं तर दर्शन झालं नसतं, आणि डोक्यावर हातही पडला नसता.

"जाऊं द्या, साहेब," आबा म्हणाले. "प्वार हाय."

"पोर नाही तो," वकीलसाहेब म्हणाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. आबा मागं बसले, त्या सीटवर. सोलापूरपर्यंत वकीलसाहेबांनी तोंड खिडकीबाहेर काढून ठेवलं होतं, आणि तो वास आता कुणाचा, हे विचारायचं कुणालाच कारण उरलं नव्हतं.