फॉर्मला माहीत नसलेलं जेवण

बोरिवलीच्या ज्या हॉस्पिटलात मी तेवीस वर्षं काढली, तिथे आयाबाईंना मावशी म्हणतात आणि वॉर्डबॉयना मामा. नाती जोडण्यात आम्ही पटाईत. निभवायची वेळ आली तेव्हा मी काय केलं, ते आज लिहिते आहे. कुणी विचारलं नाही म्हणून गप्प होते, असं मी म्हणणार नाही. एक बाई दर वर्षी विचारत होती.

करोनाच्या पहिल्या लाटेत मी कोविड वॉर्डची इन-चार्ज सिस्टर होते. स्टाफपैकी कुणी पॉझिटिव्ह आलं की बाकीच्यांचे फॉर्म मी भरायचे. त्यात मुद्द्याचा प्रश्न एकच: संपर्काच्या वेळी तोंडावर मास्क होता का? नव्हता, तर हाय रिस्क. चौदा दिवस लॉजवर वेगळं राहायचं. होता, तर लो रिस्क. उद्या ड्युटीवर हजर.

वॉर्डात मास्क सगळ्यांनाच होता. पण सहा तास पीपीई किटमध्ये, पाण्याचा थेंब न घेता काढल्यावर आम्ही लिननच्या खोलीत यायचो, चादरींच्या गठ्ठ्यांवर बसायचो आणि मध्ये वर्तमानपत्र पसरून सगळे डबे एकत्र उघडायचो. खोली दहा बाय आठची, खिडकी नाही. वेगवेगळं बसून खा, असं सर्क्युलर होतं. ते कुणी पाळलं नाही, मीही नाही. एकमेकांची तोंडं दिसायची ती तेवढी वीस मिनिटं.

आमच्या वॉर्डातल्या मावशी दहिसरहून यायच्या. पन्नाशीच्या, कंत्राटी, तोंडाने फटकळ. त्यांच्या जवळ्याच्या चटणीवर सगळ्यांचा डोळा. मला म्हणायच्या, "सिस्टर, तुमचा डबा नुसता दाखवायला असतो. पोट माझ्यावर भरता."

एका सकाळी आमची एक स्टाफ नर्स पॉझिटिव्ह आली. आदल्या दुपारी ती मावशी आणि माझ्या मधोमध बसून जेवली होती. मेट्रननी बजावलं, काही झालं तरी वॉर्ड बंद पडता कामा नये. मी सहा फॉर्म पुढे ओढले आणि सगळ्यांवर लिहिलं: मास्क होता.

मावशी दारात उभ्या होत्या. "सिस्टर, आपण तर एका डब्यात जेवलो."

"पेशंटजवळ मास्क होता ना, मावशी? फॉर्म तेवढंच विचारतो."

"म्हणजे फॉर्मला जेवण माहीतच नाही. बरंय."

त्या बादली घेऊन आत गेल्या. सातवा फॉर्म माझा होता. त्यावर मी लिहिलं: जेवताना मास्क नव्हता. मेट्रननी गठ्ठ्यातला शेवटचा कागद न वाचता सही केली आणि मी चौदा दिवस लॉजवर गेले. घरी दम्याचे वडील आहेत, असं नंतर सगळ्यांना सांगितलं. वडील होतेच. पण मी गेले ते घाबरून. माझी टेस्ट निगेटिव्ह आली.

मावशी तीन दिवस वॉर्डात राबल्या, रोज चाळीतल्या घरी, पाच माणसांच्या एका खोलीत परतल्या. चौथ्या दिवशी ताप. मग तीन आठवडे ऑक्सिजन, आमच्याच वॉर्डात, ज्या खाटांखालून त्या लादी पुसायच्या त्यातल्याच एकीवर. वाचल्या. फुप्फुसं मात्र गेली ती गेलीच. जिना चढताना दर चार पायऱ्यांना थांबतात. कंत्राटदाराने काम काढून घेतलं. भरपाईचा अर्ज केला तर उत्तर आलं, नोंदीप्रमाणे त्या लो रिस्क होत्या, संसर्ग चाळीतून झाला असणार. चाळ म्हटली की पुढे कुणी काही विचारत नाही.

दर वर्षी त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या. आपण एकत्र जेवलो, एवढंच लिहून द्या म्हणायच्या. रेकॉर्ड बदलता येत नाही, असं मी सांगायचे. माझ्या फॉर्मची कार्बन कॉपी तेव्हा माझ्या पाठीमागच्या कपाटात होती.

यंदा कामगार कार्यालयात सुनावणी लागली आणि साक्षीला मला बोलावलं. आदल्या दिवशी प्रशासनातल्या साहेबांनी केबिनमध्ये बसवून चहा पाजला. म्हणाले, फक्त 'नोंदीप्रमाणे' म्हणा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, उगाच कशाला. मी म्हटलं, नोंदी मीच केल्यात, कशा केल्यात तेही मीच सांगणार.

"अडकाल तुम्हीच," ते म्हणाले.

"अडकायलाच चाललेय."

सुनावणीत हॉस्पिटलने मावशींचा फॉर्म पुढे केला. मी त्याच्या शेजारी माझी कॉपी ठेवली. तारीख तीच, खोली तीच, अक्षरही तेच. एकीला मास्क होता, दुसरीला नव्हता. अधिकाऱ्यांनी विचारलं, यातला खरा कुठला?

"माझा. त्यांचा खोटा आहे. मी जाणूनबुजून भरला. बाकीचे पाचही."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं, मी खाली सही केली. 

बाहेर बाकावर मावशी दम खात बसल्या होत्या. "लई वर्षं लावलीत, सिस्टर."

"हो."

"माफी मागू नका. मला निकाल हवाय."

मी मागितली नाही. थोडं अंतर ठेवून त्याच बाकावर बसले.

आता मला मेमो आला आहे: खोट्या नोंदींबद्दल खुलासा करावा. केला. नोंदी खोट्या होत्या, त्या मी केल्या, आणि खऱ्या केल्या असत्या तर त्या दिवशी वॉर्ड चालवायला तुमच्याकडे माणसं नव्हती. लिननच्या खोलीला अजून खिडकी नाही, तेही लिहिलं. काय कारवाई करायची ती करा. पुढच्या तारखेला मी पुन्हा जाणार आहे.