चार नंबरच्या चेंबरमधला नानांचा तंबाखू

इथले अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतोय, आणि खरं सांगतो, बहुतेक वेळा हसायलाच वाचतो. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात... मी कंप्रेसरवाला माणूस. माझ्या धंद्यात आवाज आला की बेअरिंग गेलेलं असतं आणि वास आला की वायर जळालेली असते, तिसरं काही नसतं. तेव्हा मी हे लिहितोय म्हणजे माझं काहीतरी अडलंय, एवढं समजून घ्या. आणि कमेंटमध्ये 'काका, काय ओढलं होतं' असं विचारू नका, मी काय ओढतो ते स्वतःच सांगणार आहे.

राहतो जळगावला, वय एकोणसाठ. काम - केळी पिकवायचे चेंबर बसवणं आणि त्यांची देखभाल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बागेतून केळी येतात ती हिरवी, कडक. ती क्रेटमध्ये भरून एका थंड खोलीत छतापर्यंत रचतात, दार लावून आत पिकवायचा गॅस सोडतात आणि चार-पाच दिवसांत माल पिवळा होऊन निघतो. भिंती, छत, दार सगळं जाड पॅनलचं, दोन्हीकडून पत्रा आणि मधे फोम. गॅस सोडला की दुसऱ्या दिवसापर्यंत दाराला हात लावायचा नाही. फैजपूरपासून मुक्ताईनगरपर्यंत अशी पुष्कळ चेंबर्स मी उभी केली आहेत.

हे काम मला शिकवलं नानांनी. नाना धुळ्याचे, बर्फाच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं, नंतर आम्ही दोघं मिळून कामं घ्यायचो. आणि पाईपही मला त्यांनीच शिकवला. आता धुळ्यात पाईप ओढणारा माणूस म्हणजे गल्लीतली पोरं मागे लागणार, पण नानांना त्याचं काही नव्हतं. भाचा परदेशातून पाकिटं आणायचा - एक व्हर्जिनिया, गोडसर, आणि एक लटाकिया, तो धुरावर वाळवलेला काळा तंबाखू. नाना ते मिसळायचे, वर आपल्याकडचं थोडं गावठी पान चुरायचे, सगळं केळीच्या अर्धवट सुकलेल्या पानात गुंडाळून दोन फळ्यांमध्ये स्क्रूनं आवळून महिनाभर ठेवायचे. मग त्याची वडी व्हायची. ती सुरीनं कापायची, बरणीत भरायची आणि मेणानं तोंड बंद करायचं. प्रमाण कुणालाच सांगायचे नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, "तुला ओढायचं कळेना अजून, बनवायचं काय विचारतोस?"

बरोबरच होतं त्यांचं. सुरुवातीला मी इंजिनासारखा धूर काढायचो. त्यांनी शिकवलं - पहिली काडी फक्त वरचा थर भाजायला, दुसरी खरी. मग घाई नाही. श्वासाबरोबर हळू, धूर तोंडात फिरवायचा, आत ओढायचा नाही. पहिला भाग गोड, सुकलेल्या गवतासारखा, त्यात मनुकांची आंबट-गोड चव. मधल्या भागात लटाकिया येतो, आणि इथे खानदेशी माणसाला समजावून सांगायची गरजच नाही - पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, वांगं भाजताना सालीचा जो वास येतो ना, तो. शेवटचा भाग मिरीसारखा तिखट, बुडाशी ओलसर कडू, आणि तिथे थांबायचं. एक पाईप पाऊण तास. आमच्या हिला तो वास सोसायचा नाही, पण नाना आले की तीही नुसती खिडकी उघडायची.

नाना गेले ते फुप्फुसानंच. ते लपवण्यात अर्थ नाही. जायच्या आधी त्यांनी मला शेवटची बरणी दिली आणि म्हणाले, "तीन उन्हाळे काढू दे. मग फोड."

आता जळगावचा उन्हाळा. कपाटात बरणी ठेवली तर तंबाखूचा पापड होणार. फ्रिजमध्ये ठेवू द्यायला बायको तयार नाही. मग मी माझ्या धंद्याला शोभेल अशी अक्कल चालवली. फैजपूरला एका व्यापाऱ्याच्या गोदामात मी बसवलेली सहा चेंबर्स आहेत. आत बारा महिने गारवा, वर-खाली होत नाही. चार नंबरमध्ये मागच्या भिंतीला, कूलरच्या पाठीमागे पॅनलची एक खाच आहे. बरणी तिथे ठेवली. शेठला सांगितलं नाही, केळीला तंबाखूचा वास लागेल म्हणून त्यानं मलाच बाहेर ठेवलं असतं. महिन्यातून एकदा सर्व्हिसिंगला गेलो की गुपचूप आत जाऊन मेण शाबूत आहे का ते बघायचं, एवढंच.

मागच्या वर्षी मे महिन्यात तिसरा उन्हाळा उतरणीला लागला होता. दुपारी दीडच्या सुमाराला मी फैजपूरला पोचलो. गाडी लिंबाखाली लावली. पाईप, लायटर सगळं गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवलं, कारण गॅसच्या जवळपास काडी पेटवायची नाही हा माझाच दंडक आहे आणि तो मी मोडत नाही. हमाल जेवायला बसले होते. मी चार नंबरचं दार हातभर सरकवलं आणि आत शिरलो. आज सकाळी तिथे गॅस सोडलाय हे मी बाहेरच्या पाटीवर वाचलं होतं. म्हटलं, दोन मिनिटांचं काम.

बरणी हाताशी लागली, मेण शाबूत होतं, आणि तेवढ्यात दार बंद झालं.

नंतर कळलं, एका हमालानं जाता जाता फट बघितली आणि शिस्तीत दार ओढून कडी लावली. त्याची काय चूक? मीच शिकवलं होतं तसं. दिव्याचं बटण बाहेर असतं, तेही त्यानं बंद केलं.

आता ऐका. या दाराला आतून एक दांडा असतो, ढकलला की कडी सुटते, चुकून माणूस अडकला तर म्हणून. चार नंबरला तो नव्हता. त्याच्या भोकातून गारवा गळतो अशी शेठची तक्रार होती, म्हणून मी दांडा काढून वर पत्र्याची पट्टी रिव्हेटनं ठोकली होती. माझ्या हातानं. जामनेर धरून आणखी चार ठिकाणी तेच केलं होतं. नाना तेव्हा जिवंत होते, माझ्यावर जाम भडकले. "आतला माणूस आधी, गारवा नंतर," म्हणाले. मी म्हटलं, नाना, पुढच्या महिन्यात बसवून टाकतो. ते महिने तसेच गेले.

अंधारात मी त्या पट्टीवर हात फिरवला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मोबाईलला रेंज नाही, सहा बाजूंनी पत्रा. ओरडलो, पण आतले पंखे एवढे घोंघावतात की माझंच मला ऐकू येईना. एक रिकामा क्रेट घेऊन दारावर आपटत राहिलो. मला पुढचं सगळं माहीत होतं हीच पंचाईत. पिकणारी केळी श्वास घेतात, चांगली हवा संपवतात आणि घाण हवा सोडतात. दार उघडणार उद्या सकाळी. डोकं जड होणार, झोप येणार, आणि ती झोप यायला नको. घरी वाटणार मी जेवून धुळ्याला गेलो असेन. मला मरायचं नव्हतं, आणि असं स्वतःच्या रिव्हेटमुळे तर मुळीच नव्हतं. रडलो मी, लिहायला लाज नाही वाटत.

किती वेळ गेला कोण जाणे. डोकं दुखायला लागलं होतं. क्रेट आपटायला हात उचलेना. आणि मग... वास आला.

आधी काडीचा. गंधकाचा तो एक झटका असतो ना, तो. मग जरा थांबून दुसरी काडी. मी मोबाईलचा टॉर्च फिरवला - क्रेट, क्रेट आणि क्रेट, मी आलो ती बोळ सोडली तर माणूस शिरेल एवढी जागा कुठे नाही. धूर दिसला नाही. पण तोंडात चव आली. नाकात नाही म्हणत, तोंडात. सुकलं गवत, मनुका, आणि मागे केळीच्या पानाची ती जराशी हिरवट छटा. नानांचा तंबाखू. बरणी माझ्या मांडीवर, मेण लावलेलं.

पहिल्यांदा घाबरलो, म्हटलं वायर जळतेय. पण वायरला मनुका लागत नाहीत. आणि मग माझं शरीर आपोआप शिकवल्यासारखं वागायला लागलं. श्वास हळू झाला. मी खाली बसलो, पाठ दाराला. गोडी संपली, भाजल्या वांग्याचा तो काळा वास भरून आला, आणि मला कळलं की साधारण पंधरा मिनिटं झाली. घड्याळ बघितलं, बरोबर होतं. मी चवीवर वेळ मोजत होतो. मिरी लागायला लागली तसा पुन्हा धसका बसला - हा पाईप संपला की मी संपलो, असं का कुणास ठाऊक पण डोक्यात बसलं. बुडाची कडू, ओली चव आली. थांबली.

आणि पुन्हा काडी पेटली. पहिली खोटी, दुसरी खरी. पुन्हा ते गवत.

इथून पुढचं मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. सुटकेचा नाही, दुसरा पाईप मिळाल्याचा. आणि इतकी भरलेली, इतकी नेमकी चव मला नाना असतानाही कधी लागली नव्हती. त्यात काहीतरी जास्तीचं होतं. क्रेट बाजूला पडला होता आणि मी दार वाजवणं केव्हाच सोडून दिलं होतं. वाजवायचं आहे हेच आठवत नव्हतं. हा संपला की तिसरा लागेल, एवढाच विचार होता, आणि डोळे मिटत होते.

तेवढ्यात पाठीमागचं दार सरकलं आणि मी उताणा बाहेरच्या उजेडात पडलो.

"मझार कोन बिडी पी ऱ्हायना रे? गॅस सोडेल शे, समजस का नही?" आत कोण विडी ओढतंय म्हणून ओरडणारा हा सुपडू, तिथला मुकादम. धुळ्याकडचाच. हातात अग्निशामकाचा डबा, तोंडात शिव्या. मला बघून त्याच्या शिव्या अर्ध्यावर राहिल्या. "भाऊ? तुम्ही?"

त्यानं मला ओढत लिंबाखाली नेलं, पाणी मारलं. मी शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल? त्याच्यावर खेकसलो. दार का उघडलंस म्हणून.

नंतर सगळं नीट विचारलं. सुपडू त्या दिवशी उशिरा, तीन-साडेतीनला जेवून हात धुवायला चार नंबरवरून चालला होता. दाराच्या खालच्या रबरातून त्याला तंबाखूचा वास आला. गॅस सोडलेलं दार तो एरवी मालकानं सांगितलं तरी उघडत नाही. आत कुणीतरी विडी ओढतोय आणि आता सगळं पेटणार, या रागानं त्यानं उघडलं. मी खिसे उलटे करून दाखवले. माझ्यासमोर तो आत जाऊन, क्रेट हलवून सगळं बघून आला. थोटूक नाही, राख नाही, काडी नाही. बाहेर येऊन एवढंच म्हणाला, "मझार कोनीच नही, भाऊ. पन वास ते माले बी उना."

आमचे फॅमिली डॉक्टर हुशार आहेत. त्यांनी सांगितलं, मेंदूला प्राणवायू कमी पडला की माणसाला नसलेले वास येतात, पुस्तकात आहे. मी म्हटलं, मान्य. मग सुपडूला काय कमी पडलं होतं? तो तर बाहेर उभा होता, जेवून. डॉक्टर म्हणाले, योगायोग असेल. तुमच्यापैकी कुणाकडे याहून बरं उत्तर असेल तर जरूर लिहा, मी खरंच वाचीन.

त्याच आठवड्यात मी पाचही ठिकाणच्या पट्ट्या तोडल्या आणि दांडे पुन्हा बसवले, एक पैसा न घेता. प्रत्येक चेंबरमध्ये स्वतः आत उभं राहून, दार लावायला सांगून, ढकलून बघितलं. नानांना दिलेला शब्द उशिरा का होईना पाळला, म्हणून बरं वाटलं. लोक म्हणतात, नानांनी वाचवलं तुला. मीही काही दिवस तसंच म्हणत होतो.

मग पावसाळ्यात एका सकाळी घराच्या गच्चीवर ती बरणी फोडली. भरला, पहिली काडी, दुसरी काडी. गवत होतं, मनुका होत्या, वांगं होतं, सगळं जागच्या जागी. चांगला तंबाखू होता. पण त्या दुपारी जे लागलं होतं ते त्यात नव्हतं. पुन्हा भरला, पुन्हा तेच. ते जास्तीचं काय होतं, त्याला मला नावही देता येत नाही, आणि मी वीस वर्षं चवींना नावंच देत आलोय. आता कुठलाही तंबाखू ओढला तरी मी फक्त ते शोधत असतो. कशातच नाही. जेवतानासुद्धा शोधतो.

म्हणून विचारतोय, की नाना मला वाचवत होते की थांबवून घेत होते? कारण एक गोष्ट मला विसरता येत नाही - तो वास येईपर्यंत मी जिवाच्या आकांतानं दार वाजवत होतो.

सुपडूला मी बजावून ठेवलंय, मी एकटा चार नंबरकडे जाताना दिसलो तर माझ्याबरोबर यायचं, कारण विचारायचं नाही. तो विचारत नाही. गेल्या आठवड्यात फैजपूरला गेलो होतो, दुपारी, हमाल जेवायला बसले होते. मी दाराच्या कडीला हात घातला आणि मागून तो हात पुसत आला. म्हणाला, "चला भाऊ, मी येस संगे. काय काम शे मझार?"

आत काहीच काम नव्हतं.