पहाडीवरचा पाला

साकोलीला एसटीतून उतरले तेव्हा संगीता भर उन्हात छत्री धरून उभी होती. नागपूरच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. ती आता इथे शिक्षिका आहे, मी नाशिकला. ‘मोह फुलेल तेव्हा ये’ हे तिचं आमंत्रण मी कितीतरी वर्षं पुढे ढकललं होतं.

रिक्षाने महामार्ग सोडला. कापणी झालेल्या बांध्या (भाताची शेतं), एक बोडी (छोटा तलाव) आणि मागे पहाडी. सह्याद्रीत वाढलेल्या मला ती टेकडीच वाटली. जवळ गेल्यावर दिसलं, झाडांचे बुंधे कमरेपर्यंत काळे होते.

संगीताने सांगितलं ते असं. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि पाचोळ्यात हरवतात. म्हणून झाडाखालचा पाला जाळून जमीन मोकळी करायची जुनी पद्धत. मागच्या वर्षी वारा सुटला, पहाडी पेटली आणि आग त्यांच्या गोठ्यापर्यंत आली. बैल सोडवताना तिच्या आईचा हात भाजला.

घरी संगीताच्या वडिलांनी, नामदेवकाकांनी, ‘जयभीम, पोरी’ म्हणत पाणी दिलं. तिच्या आईने, शेवंताकाकूंनी, भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढलं. जेवण होताच सगळे ग्रामसभेला निघाले. पाहुणी म्हणून मीही.

वनहक्क कायद्याने पहाडी राखायचा हक्क आता गावाकडे आला होता. यंदा कुणीही आग लावायची नाही, असा ठराव काकांनीच मांडला. पुरुषांचे हात भराभर वर गेले. बायका मात्र हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. सरपंचांनी कारण विचारलं, तशा शेवंताकाकू उठल्या.

“आग नको, हे मलेबी पटते. हात माझाच भाजला. पन पाला कोन झाडन? फुलं आमीच वेचाची, सैपाक आमीच कराचा, मजुरीलेबी जाचं. आता खराटाबी आमीच धराचा?”

काका म्हणाले, पुरुष मदत करतील.

“मदत नका म्हनू. तुमचं काम म्हना.”

लोक हसले. काकू हसल्या नाहीत. मग बराच वेळ वाद झाला. कुणी म्हणालं, हे जमायचं नाही; बायका म्हणाल्या, मग आमचे हातही वर होणार नाहीत. शेवटी ठरावात एक ओळ वाढली: झाडाखालचा पाला घरातल्या पुरुषांनी झाडायचा. तेव्हा बायकांनी हात वर केले. काकूंनी भाजलेलाच हात वर केला.

दुसऱ्या दिवशी काकांबरोबर मीही खराटा घेऊन चढले. थोड्याच वेळात माझ्या तळहाताला फोड आला, आणि काका कंबर धरून दगडावर टेकले. “बाई रोज एवढं वाकते,” ते हळूच म्हणाले, आणि पुन्हा उठले.

पुढच्या पहाटे स्वच्छ तांबड्या मातीवर पिवळसर फुलं पडली होती. काकूंची टोपली लवकर भरली. मग त्या बुंध्याला पाठ टेकून नुसत्याच बसल्या. आईला मोहाखाली असं रिकामं बसलेलं संगीताने कधी पाहिलं नव्हतं.

नाशिकला परतले तरी ते बसणं डोळ्यांपुढून जात नाही. डोंगर राखायचं ठरवताना त्याचा भार कुणाच्या कमरेवर येणार, हे मी आजवर कधी विचारलंच नव्हतं.

परवा संगीताचा फोन आला. पहाडी यंदा एकदाच धुमसली, गावाने मिळून विझवली. आणि काका?

“रोज कुरकुरतात,” ती म्हणाली, “अन् रोज जातात.”