कुंभारणीचं घर

कुंभारमाशीची गुणगुण कानावर आली की अजून मला कडेगावचं आमचं स्वयंपाकघर आठवतं आणि जीव कासावीस होतो. दुसरी मोठी लढाई चालू होती. आमचे हे पलटणीतून दोन महिन्यांच्या रजेवर आले आणि त्याच आठवड्यात कुंभारणीनं चुलीमागच्या भिंतीला मातीचं घर घातलं. ती घरात आली की पाळणा हलतो, असं आमच्याकडं मानतात. लग्नाला चार वर्षं झालेली, कूस रिकामी. सासूबाईंना हर्ष मावेना. भिंत पोतारताना तेवढी जागा त्यांनी मला शिवू दिली नाही. शेजारणींना तर चिडवायला आयतंच सापडलं, आणि मी मेली लाजून चूर.

कुंभारणीनं कोळी धरून आणले, आत कोंबले, मातीनं तोंड लिंपलं आणि गेली ती गेलीच. सासूबाईंचा जीव खालीवर. लेकरं उपाशी टाकून गेली म्हणून तिला शिव्या घातल्या आणि घराशी गुळाचं पाणी ठेवलं. झालं! मुंग्यांची ही रांग लागली. हळद टाकून हाकलता हाकलता मला नाकी नऊ आले. हे पोट धरून हसले. मग गोठ्यात पडलेलं तसलंच एक घर आणून त्यांनी आईला दाखवलं. आत कोळी ठासून भरलेले आणि एक पांढरी अळी ते खात बसलेली.

"आई, तिनं शिदोरी भरून ठिवलीया," हे म्हणाले.

रजा सरत आली तेव्हा मला कोरड्या ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या. ह्यांनी सरपण फोडून रचलं, कणगी जोंधळ्यानं भरली, छप्पर शाकारलं. निघताना, सगळं भरलंय, काळजी करू नको, असं आईला सांगत होते. सासूबाई भिंतीकडंच बघत होत्या.

"भरून ठिवलं म्हंजी झालं व्हय? लेकराचं तोंड बगायला माघारी याया नगं?"

त्या माशीला बोलत नव्हत्या, हे आम्हा दोघांनाही कळलं. ह्यांनी खांद्यावरची ट्रंक खाली ठेवली आणि आईच्या पाया पडले.

"येतो आई. बगायला येतो."

आले. लेक तोवर अंगणात पळत होती. ह्यांनी उचलल्यावर तिनं परका माणूस बघून भोकाड पसरलं. तिला तशीच छातीशी धरून हे आईला हाका मारत आत गेले. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. आमचं पत्र ह्यांना पोचलंच नव्हतं. ते सांगायचं माझ्या वाट्याला आलं.